किनाऱ्यावरची सेडान खालून सांभाळा: शिमग्यापासून दिवाळीपर्यंतचा क्रम

सिटी, सियाझ, व्हर्ना, इटिऑस यांसारखी पेट्रोलवरची मध्यम सेडान कोकणात मुकाट काम करते. सकाळी किल्ली फिरवली की चालू होते, घरच्या पाच माणसांना घाट चढवून कोल्हापूरला नेते आणि परत आणते. दहा वर्षं झाली तरी इंजिन कुरकुरत नाही. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. दरवर्षी ऑइल बदलून, वरून चकचकीत धुऊन ती घरी येते आणि तिच्या पोटाखाली वाकून कोणी बघत नाही. किनारपट्टीवरची गाडी मात्र मरते ती खालून आणि आतून, पत्रा गंजून.

दर जूनमध्ये तेच दिसतं. पहिला पाऊस पडून अंगणात लाल चिखल झाला की लोक गाडीच्या तळाला गंजरोधक कोटिंग करून घ्यायला धावतात. गाडी ओली, मडगार्डात चिखल, चिखलात मीठ, आणि त्यावर काळा थर. मीही हे केलेलं आहे. दोन तासांत काम झालं, गाडी खालून काळी कुळकुळीत दिसत होती, मी समाधानाने पैसे दिले. दोन पावसाळ्यांनंतर पंक्चर काढायला जॅक लावला, तर गाडी वर येण्याऐवजी पत्राच आत गेला. थर सोलला तेव्हा आतून लाल भुगा पडला. कोटिंगचं सामान चांगलं होतं, क्रम चुकला होता.

क्रम असा आहे: धुणं, वाळवणं, शोधणं, खरवडणं आणि सगळ्यात शेवटी थर. एकही पायरी पुढेमागे झाली तर थर पाणी बाहेर ठेवण्याऐवजी आत कोंडून ठेवतो.

## तयारी: वेळ, जागा, सामान

वेळ सगळ्यात महत्त्वाची. कोकणात मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पोचतो, पण वळवाच्या सरी मे महिन्यातच येऊन जातात आणि मेच्या उत्तरार्धात हवा इतकी दमट होते की पत्रा नीट वाळत नाही. म्हणून शिमगा झाला की कामाला लागा आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास थर देऊन मोकळे व्हा. आंब्याच्या गडबडीत हे काम मागे पडतं, हे मला ठाऊक आहे. हंगाम सुरू होण्याआधीचे चार दिवस त्यासाठी ठरवूनच ठेवावे लागतात.

चार दिवस म्हणजे सलग चार. पहिल्या दिवशी धुणं, दुसऱ्या दिवशी वाळवणं, तिसऱ्या दिवशी खरवडणं आणि प्रायमर, चौथ्या दिवशी थर. त्यानंतरचा दिवस गाडी उभी ठेवायची.

धुण्यासाठी आणि थरासाठी रॅम्प किंवा लिफ्ट असलेलं गॅरेज लागेल. बाकीचं घरच्या अंगणात होतं. जवळ असू द्या: चांगली हातबॅटरी (टॉर्च), तारेचा ब्रश, ८० आणि १८० नंबरचा पॉलिशपेपर, थिनर, गंज बदलणारं रसायन (हार्डवेअरच्या दुकानात ‘रस्ट कन्व्हर्टर’ म्हणून मिळतं), झिंक किंवा रेड ऑक्साइड प्रायमर, चिकटपट्टी, जाड हातमोजे, चष्मा आणि लवचीक तार. ही तार पुढे फार कामाला येते.

सावधान: गाडीबरोबर येणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. खालचं काम रॅम्पवर किंवा घोड्यांवर (लोखंडी जॅक स्टँडवर) गाडी टेकवूनच करायचं.

## टप्पा १: आधी पाणी तपासा, मग गाडी धुवा

किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरी आणि बोअरिंगचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याच पाण्याने रोज गाडी धुणारी माणसं आमच्या वाडीत आहेत. मीठ काढतोय असं त्यांना वाटतं आणि प्रत्यक्षात ते मीठ लावत असतात.

तपासा: धुण्याच्या पाण्याचे चार थेंब काचेवर टाकून उन्हात वाळू द्या. पांढरा, खरखरीत डाग राहिला तर ते पाणी गाडीसाठी नाही. नळपाणी योजनेचं पाणी किंवा डोंगराकडच्या गोड विहिरीचं पाणी वापरा. वॉशिंग सेंटरवरही कुठलं पाणी वापरता, हे विचारून घ्या.

मिठावर एवढा भर का? पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. पत्र्यावरच्या मिठाचंही तेच होतं. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि कोकणात ती रात्रीच्या वेळी वर्षातले बरेच महिने त्याहून जास्त असते. म्हणजे दिवसा कोरडी दिसणारी गाडी रात्रभर खाऱ्या ओलाव्यात उभी असते. पाऊस पडो न पडो.

धुण्याचा क्रम खालून वर. आधी चारही चाकांच्या कमानी, मग मडगार्डाच्या प्लास्टिक अस्तरामागची जागा, मग तळ, आणि शेवटी बाहेरचं अंग. कमानीच्या आतल्या काठावर जांभ्याची लाल माती विटेसारखी घट्ट बसते. ती आधी पाण्याने भिजवून दहा मिनिटं थांबा, मग हाताने आणि ब्रशने काढा. नुसत्या फवाऱ्याने वरचा थर जातो, आतला राहतो. जमलं तर मागच्या चाकांचं अस्तर सोडवून घ्या. दर वेळी त्यामागून मूठभर पालापाचोळा आणि माती निघते.

डिकीतलं सामान, चटई आणि स्टेपनी बाहेर काढा. मासे डिकीतून आणत असाल तर स्टेपनीच्या खळग्यात खारं पाणी उतरलेलं असणार, पिशवी कितीही घट्ट बांधलेली असली तरी. हा खळगा गोड पाण्याने पुसून काढा. मासे आणायला झाकणाचा प्लास्टिकचा डबा डिकीत कायमचा ठेवा, एवढ्याने अर्धं काम होतं.

सावधान: जोराचा फवारा अल्टरनेटर, फ्यूजची पेटी आणि पुढच्या एसी कंडेन्सरवर जवळून मारू नका. कंडेन्सरच्या नाजूक पात्या वाकतात आणि एसी थंड करत नाही. तिथे साध्या नळीचं पाणी पुरे.

## टप्पा २: वाळवा आणि पाण्याच्या वाटा मोकळ्या करा

हा टप्पा सगळे गाळतात. संध्याकाळी गाडी धुऊन लगेच कव्हर घालण्यापेक्षा ती न धुतलेली बरी.

सकाळी लवकर धुवा. लगेच वीसेक किलोमीटर कोरड्या रस्त्यावर चालवून आणा, म्हणजे साइलेन्सरच्या उष्णतेने तळ सुकतो आणि ब्रेकवरचं पाणी उडतं. मग दरवाजे, डिकी, बॉनेट उघडं टाकून दिवसभर उन्हात ठेवा. दुसरा दिवसही तसाच.

त्याच वेळी तार घेऊन पाण्याच्या वाटा शोधा. प्रत्येक दरवाज्याच्या खालच्या कडेला बारीक चिरा असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. दरवाज्याखाली उंबऱ्यासारखा जो पोकळ पत्रा पुढून मागे जातो, त्यालाही खालून भोकं असतात. वायपरखालच्या जाळीत दोन्ही कोपऱ्यांना निचरा असतो. डिकीच्या झाकणाभोवती पन्हळ असते. सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांत नळ्या असतात. आंब्या-फणसाखाली, सुपारीच्या बागेत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या या सगळ्या वाटा मोहोर, पानं आणि मातीने बुजतात.

वायपरखालची जाळी बुजली की पाणी केबिनच्या हवेच्या वाटेने आत येतं आणि पुढच्या डाव्या सीटच्या पायाखालची चटई ओली राहते. लोक रबर बदलतात, सीलंट लावतात, काच काढून बसवतात. दोष बहुतेक वेळा मूठभर पानांचा असतो.

तपासा: दरवाजा हळूच हलवून कान द्या. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर भोक बंद आहे. वायपरच्या जाळीवर तांब्याभर पाणी ओता, ते पुढच्या चाकांमागे खाली पडलं पाहिजे. पायाखालची चटई उचलून खालच्या फोमवर कोरडा कागद दाबा. कागद ओला झाला तर पुढे जाऊ नका, आधी गळती शोधा.

## टप्पा ३: गंज शोधा, त्याची पायरी ठरवा, मग खरवडा

टॉर्च घेऊन एका बाजूने सुरुवात करा आणि गाडीभोवती एक फेरी पूर्ण करा. उड्या मारल्या की जागा सुटतात. बघायच्या जागा: चाकांच्या कमानीचा आतला दुमडलेला काठ, जॅक लावायचे चार बिंदू, उंबऱ्याच्या पत्र्याची खालची शिवण, दरवाज्यांची खालची शिवण, स्टेपनीचा खळगा, पेट्रोल टाकीचे पट्टे, मागच्या स्प्रिंगची बैठक, पुढचे लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे खालचे दांडे), साइलेन्सरचे जोड, बॅटरीखालचा ट्रे आणि नंबरप्लेटच्या दिव्यांची जागा. प्रत्येक जागेचा मोबाइलवर फोटो काढा. हे फोटो दिवाळीनंतर लागणार आहेत.

गंज दिसला की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. पहिल्या पायरीत पत्रा तांबूस झालेला असतो, पण आवाज टणक येतो. दुसऱ्या पायरीत रंग फुगलेला असतो, पापुद्रे निघतात, आवाज बद्द होतो. तिसऱ्या पायरीत स्क्रूड्रायव्हरचं टोक आत जातं.

पहिल्या दोन पायऱ्या घरी सांभाळता येतात. पापुद्रे तारेच्या ब्रशने पूर्ण पाडा. ८० नंबरच्या पेपरने चमकदार पत्रा दिसेपर्यंत घासा, कडा १८० नंबरने उतरत्या करा, थिनरच्या फडक्याने पुसा. खड्ड्यांत जो तांबूस अंश राहतो त्यावर गंज बदलणारं रसायन लावा. ते गंजाशी संयोग पावून काळं होतं. बाटलीवर दिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या आणि मगच प्रायमरचे दोन हात द्या. पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा नाही.

इथे दोन चुका ठरलेल्या आहेत. हे रसायन सुट्या पापुद्र्यांवर लावून काही उपयोग नाही, कारण पापुद्र्याखालचा गंज तसाच राहतो. आणि स्वच्छ चमकत्या पत्र्यावर त्याची गरज नाही, तिथे थेट प्रायमर.

तिसऱ्या पायरीला लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देणारे भेटतात. जॅकचा बिंदू, उंबऱ्याचा पत्रा, स्प्रिंगची बैठक या गाडीचा भार पेलणाऱ्या जागा आहेत. तिथे कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेणं एवढाच इलाज आहे. वेल्डिंग करणाऱ्याला बॅटरीची केबल आधी काढायला सांगा.

सावधान: तळातून मागे जाणाऱ्या ब्रेकच्या धातूच्या नळ्या हाताने चाचपा. त्यावर फोड आले असतील तर घासू नका, रंगवू नका. नळी बदला. आंबा घाट उतरताना ती नळी फुटली तर काय होईल, याचा विचार करून हा खर्च टाळायचा की नाही ते ठरवा.

## टप्पा ४: थर

तपासा: थर देण्याआधी तळावर पाच-सहा ठिकाणी चिकटपट्टी दाबून चिकटवा आणि ओढा. पट्टी नीट चिकटली आणि कोरडी, स्वच्छ निघाली तर पुढे जा. माती किंवा दमटपणा घेऊन निघाली तर परत टप्पा २.

थर दोन जातींचे. एक जाड, काळा, रबर किंवा डांबराच्या अंगाचा. तो खडीचा मार सोसतो. पण काही वर्षांत तो कडक होतो, त्याला बारीक भेगा जातात आणि भेगेतून शिरलेलं खारं पाणी आत अडकतं. दुसरा पातळ, मेणाचा किंवा तेलकट. तो सुकून दगड होत नाही, शिवणींत झिरपतो, पण खडीने उडतो आणि दर वर्षी द्यावा लागतो.

माझं मत स्पष्ट आहे: कमानी आणि सपाट तळाला जाड थर, आणि सगळ्या पोकळ जागांत मेणाचा थर. म्हणजे उंबऱ्याच्या आत, दरवाज्यांच्या आत, डिकीच्या झाकणाच्या घडीत. किनाऱ्यावर गंज पोकळ जागांतूनच सुरू होतो आणि नेमक्या त्या जागा नेहमीच्या कोटिंगमध्ये सुटतात. गॅरेजवाल्याकडे लांब नळीची फवारणी आहे का, ते आधी विचारा. नसेल तर पोकळीसाठी लांब नळीचा डबा स्वतः आणून त्याच्या हातात द्या.

नवी गाडी असेल तर कारखान्यातून शिवणींवर संरक्षक थर आलेला असतो आणि अनेक पत्र्यांना जस्ताचा मुलामा असतो. तिथे सगळीकडे जाड काळं फासायची घाई नको. पोकळ्यांत मेण आणि कमानींना थर, एवढं पहिल्या वर्षी पुरेसं.

काम चालू असताना स्वतः उभे राहा. साइलेन्सर आणि त्याचे जोड, ब्रेकच्या डिस्क, चाकांजवळच्या एबीएसच्या वायरी, हँडब्रेकच्या केबल, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट आणि बुश यांवर थर उडता कामा नये. आधी कागद आणि चिकटपट्टीने झाकून घ्या. साइलेन्सरवरचा थर तापून जळतो, वास येतो, क्वचित धूर निघतो.

तपासा: थर संपल्यावर, तो ओला असतानाच, तार घेऊन निचऱ्याचं प्रत्येक भोक पुन्हा उघडा. कोटिंगनंतर भोकं बुजून राहणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक आहे. निचरा बंद झालेला उंबरा म्हणजे चाकांवर ठेवलेलं पाण्याचं पिंप.

त्यानंतर किमान २४ तास गाडी सावलीत उभी.

## टप्पा ५: बाकीची तयारी

हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून फक्त जिथे चुकतं तेवढंच.

टायरची खाच १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याची मर्यादा संपते, पण कोकणच्या पावसासाठी ३ मिलिमीटरलाच बदला. कुशीवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गावात कमी फिरणाऱ्या गाडीची खाच शिल्लक असते आणि रबर मात्र कडक होऊन चिरलेलं असतं. हवा किती भरायची ते चालकाच्या दरवाज्याजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, पूर्ण भाराचा आकडा वेगळा. स्टेपनीतही भरा. लोखंडी रिमच्या काठाला गंज असेल तर हवा हळूहळू उतरते आणि पंक्चर सापडत नाही. टायर उतरवून काठ घासून घ्या.

चाकांचे नट वर्षातून एकदा सैल करून पुन्हा आवळा. खाऱ्या हवेत ते जाम बसतात आणि हे कळतं ते रात्री, पावसात, एकट्याला.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो. दोन वर्षांनी बदलाच, पातळी पूर्ण दिसत असली तरी. लांब उतारावर ब्रेक पेडल मऊ लागण्याचं हे एक मोठं कारण आहे.

कूलंटच्या डब्यात विहिरीचं पाणी कधीही ओतू नका. रेडिएटर अॅल्युमिनियमचा असतो, मचूळ पाण्याने तो आतून खाल्ला जातो. तयार मिसळलेलं कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटर.

बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, वाळवा, पेट्रोलियम जेली लावा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १४.

## टप्पा ६: पावसात चालवताना

मध्यम सेडानचं पोट रस्त्यापासून साधारण १६५ ते १८० मिलिमीटर वर असतं, तेही रिकाम्या गाडीचं. मागे तीन माणसं आणि डिकीत हापूसच्या पेट्या किंवा गणपतीचं सामान भरलं की मागचं अंग बसतं. जड सामान डिकीत शक्य तितकं सीटच्या पाठीला चिकटवून ठेवा. उंच गतिरोधकावर गाडी तिरकी घाला, एका वेळी एक चाक. तरीही टेकत असेल तर मागची माणसं दोन मिनिटं उतरवा, त्यात कमीपणा नाही. खालून मोठा दगड लागला तर पुढच्या थांब्यावर इंजिनखालचा ऑइलचा चेंबर बघा. थेंब पडत असेल किंवा ऑइलचा दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करा.

कुंभार्ली, आंबा, आंबोली, फोंडा यांपैकी कुठलाही घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर ‘एल’ किंवा ‘एस’ लावा. ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिल्याने ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणावर कमी पडतात. धुक्यात समोरच्या काचेला आतून वाफ धरली की एसी चालू करून हवा काचेवर सोडा. पावसाळ्यात एसी बंद ठेवणाऱ्यांना हेच समजत नाही: एसी हवेतला दमटपणा काढतो. घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालवा, आत कुबट वास धरत नाही.

दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, वेश्वी-बागमांडला किंवा आगरदांडा-दिघी फेरीबोटीवर चढताना ओहोटीला उतार जास्त तीव्र असतो आणि सेडानचा पुढचा बंपर पट्टीला लागतो. अगदी सावकाश, शक्य तर थोडं तिरकं. धक्क्यावर चाकं खाऱ्या पाण्यातून गेली असतील तर त्याच दिवशी चारही कमानी गोड पाण्याने धुवा. दुसऱ्या दिवशी नाही.

पुळणीवर गाडी नेऊ नका. वाळू ओली आणि घट्ट दिसते, चाक फिरलं की रुतते आणि भरती कोणासाठी थांबत नाही. पोटापर्यंत समुद्राचं पाणी गेलेली गाडी बाहेर काढली तरी तिची वायरिंग वर्षभर त्रास देत राहते.

रस्त्यावरच्या पाण्याचा नियम: पाणी चाकाच्या मध्यापर्यंत पोचत असेल तर सेडान आत घालायची नाही. वाहतं पाणी असेल तर त्याहून कमी असलं तरी नाही. फूटभर वाहतं पाणीही गाडी ढकलू शकतं, आणि मोरीवरचा रस्ता खाली शिल्लक आहे की नाही हे वरून दिसत नाही.

सावधान: पाण्यात बंद पडलेली किंवा पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघू नका. सेडानची हवा घ्यायची वाट बरीच खाली असते. तिथून सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे एका फेऱ्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पुराचं पाणी भरलं, तेव्हा गाड्या रात्रीतून बुडाल्या. अशा गाडीला किल्ली लावायची नाही, निगेटिव्ह केबल काढायची, फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी उचलून न्यायची. सर्वसमावेशक विम्यात पुराचं नुकसान धरतात, पण पाणी गेलेलं इंजिन चालू केल्याने झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी लागते. चिपळूण, महाड, खेड, राजापूर अशा नदीकाठच्या गावांत राहणाऱ्याने ती घेतलीच पाहिजे.

## टप्पा ७: गाडी उभी राहणार असेल तर

बरीच घरं अशी आहेत जिथे गाडी गावी आणि मुलं मुंबईला. आईवडील आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात. हे न केलेलं बरं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. थंड साइलेन्सरमधून ते बाहेर पडत नाही, आत साचतं आणि साइलेन्सर आतून कुजतो. दहा-पंधरा दिवसांनी एकदा १५-२० किलोमीटर चालवायला विश्वासाचा माणूस सांगून ठेवा.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या ड्रम ब्रेकचे शू ओलाव्यात ड्रमला चिकटतात आणि महिन्याने गाडी हलतच नाही. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये, आणि चाकांना पुढून-मागून दगड.

जागा चिऱ्याची किंवा सिमेंटची हवी. गवतावर आणि ओल्या मातीवर उभी गाडी खालून वाफ घेत राहते. पत्र्याचा किंवा झापांचा मांडव, चारी बाजूंनी वारा खेळता. प्लास्टिकचं कव्हर नको, त्याखाली घाम धरतो. नारळाखाली नको, याचं कारण सांगायला नको.

उंदरांसाठी फवारे, गोळ्या सगळं करून झालं, पण खरा फरक जागेने पडला. गाडीजवळचा सोडणांचा (नारळाच्या सालींचा) आणि सुक्या झावळ्यांचा ढीग हलवला आणि कोंबड्यांचं खाद्य पडवीतून काढलं, तेव्हा वायरी कुरतडणं थांबलं. केबिनच्या हवेच्या वाटेला बारीक तारेची जाळी बसवून घ्या.

## टप्पा ८: दिवाळीनंतरची फेरी

पाऊस ओसरला की बहुतेक जण गाडीला पॉलिश करतात. त्याआधी रॅम्पवर घेऊन खालचा चिखल धुवा, वाळवा आणि एप्रिलचे फोटो हातात घेऊन तीच फेरी पुन्हा करा. कुठे थराला भेग गेली, कुठे खडीने तो उडाला, कुठे नवा तांबूस डाग आला, हे फोटोशेजारी फोटो ठेवला की लगेच दिसतं. डाग नखाएवढा असतानाच घासून, प्रायमर देऊन झाका. पायाखालच्या चटया, सीटखालचा फोम आणि स्टेपनीचा खळगा पुन्हा कागद दाबून तपासा. मागचे ब्रेक ड्रम उघडून आतली लाल माती पुसून घ्या. कोकणात पावसाळ्यानंतर ती हमखास निघते, आणि ब्रेक दाबल्यावर येणारी खरखर बहुतेक तिचीच असते.